प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : नैराश्य आणि चिनी काढे

मागच्या अंकातल्या नैराश्यावरच्या लेखात चिनी वनौषधींचा ओझरता उल्लेख होता. त्यावर पत्रं आली, काही तर पाकिटांच्या फोटोंसकट. एक मनोविकारतज्ज्ञ आणि वनौषधींच्या एक अभ्यासक अशा दोघांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडक्यात छापली आहेत आणि नावं गाळली आहेत.

चिनी वैद्यकात नैराश्यावर खरंच औषध आहे, की अलीकडे कुणीतरी जुन्या काढ्याला नवं लेबल चिकटवलं? (नाशिक)

दोन्ही थोडं थोडं खरं आहे. ‘नैराश्य’ हा आजार त्या जुन्या ग्रंथांत या नावानं सापडत नाही. तिथला शब्द आहे ‘यू’, म्हणजे कोंडणं, तुंबणं. जू तानशी (1281–1358) या वैद्यांनी सहा कोंडमारे सांगितले: छी (म्हणजे शरीरात खेळती राहणारी शक्ती), रक्त, ओल, उष्णता, कफ आणि अन्न. त्यांची युएजू वान ही गोळी पाच द्रव्यांची, सगळी समभाग. कोंडमारे सहा आणि द्रव्यं पाच कशी, तर बाकीचे पाच सुटले की कफ आपोआप सुटतो, असा त्यामागचा हिशेब.

आज सर्वांत जास्त वापरात असलेलं सूत्र म्हणजे शिआओयाओ सान. सुंग राजवटीत सरकारी औषधशाळेनं सूत्रांचा जो संग्रह केला, त्यात ते आहे. छायहू आणि दांगग्वी (दोन्ही मुळं), पांढऱ्या पिओनीचं मूळ, बायजू (एक कंदमूळ) आणि फूलिंग (पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी) हे पाच समभाग, ज्येष्ठमध त्याच्या निम्मा, वर थोडं आलं आणि चिमूटभर पुदिन्याच्या जातीची पानं. त्यात आणखी दोन द्रव्यं घातली की जे होतं ते जपानमध्ये कामीशोयोसान नावानं ओळखलं जातं, आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात ते बसतं.

चिनी वैद्य म्हणतात, ‘यकृत मोकळं नाही.’ हे ऐकून सोनोग्राफी करायला धावू नका. त्यांच्या शास्त्रात यकृत म्हणजे छी वाहती ठेवणारं खातं. सारखे उसासे येणं, बरगड्यांखाली दाटून येणं, पाळीच्या आधी चिडचिड, भूक मरणं ही ते खातं तुंबल्याची लक्षणं. जीभ आणि नाडी बघून ते ठरतं. म्हणून आपल्या डॉक्टरांच्या लेखी एकच निदान असलेले तिघं चिनी वैद्याकडे गेले, तर तीन वेगळ्या पुड्या घेऊन बाहेर पडू शकतात.

यातल्या काही वनस्पती आपल्या अंगणातल्या आहेत. शियांगफू म्हणजे लव्हाळ्याची गाठ, तोच मोथा, उसाच्या रानात शेतकरी ज्याच्या नावानं बोटं मोडतो. जीझ हे अनंताचं फळ. (आपल्या बागेतला भरगच्च पाकळ्यांचा अनंत सहसा फळ धरत नाही, त्यामुळे ते आपण पाहिलेलं नसतं.) पण ओळखीची वनस्पती दिसली म्हणून घरच्या घरी अदलाबदल करू नये. शियांगफू पुष्कळदा व्हिनेगरमध्ये परतून वापरतात, जीझ भाजून. प्रक्रिया बदलली की द्रव्याचं कामही बदलतं.

मी सिंगापूरला राहते. इथल्या नोंदणीकृत चिनी वैद्यांनी ‘छायहू शूगान सान’च्या कच्च्या पुड्या दिल्या आहेत. कधी काढा पाण्यासारखा होतो, कधी करपतो. आई फोनवर सांगते, आठवा भाग उरेपर्यंत आटव. नक्की कसा करायचा? (सिंगापूर)

आईची पद्धत आयुर्वेदातल्या क्वाथाची आहे आणि तिथे ती बरोबरच आहे. इथे मात्र ती लावू नका. या सूत्राची जुनी सूचना अशी: दीड पेला पाणी, उकळून पेल्याचे आठ दशांश उरवायचं, जेवणाआधी घ्यायचं. म्हणजे साधारण निम्मं. याचं कारण पुडीतच आहे. पुस्तकी प्रमाण असं असतं:

छायहू 6 ग्रॅम
छेनपी (संत्र्याच्या जातीच्या फळाची जुनी वाळवलेली साल) 6 ग्रॅम
छुआनश्योंग (एक सुगंधी कंदमूळ) 4.5 ग्रॅम
शियांगफू 4.5 ग्रॅम
जीछ्याओ (कडू संत्र्याचं अर्धकच्चं फळ) 4.5 ग्रॅम
पांढऱ्या पिओनीचं मूळ 4.5 ग्रॅम
मधात परतलेला ज्येष्ठमध 1.5 ग्रॅम

एकूण 31.5 ग्रॅम. तुमच्या वैद्यांनी कमीजास्त केलं असेल तर त्यांचंच प्रमाण पाळा. यातली साल, कडू संत्रं, लव्हाळा आणि छुआनश्योंग या चौघांचं बरंचसं काम त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतं. तासभर आटवलंत तर स्वयंपाकघर सुरेख दरवळेल आणि पेल्यात नुसता कडूपणा उरेल.

पुडी भांड्यात रिकामी करा. फार तर एकदा पाण्याखालून काढा, चोळून धुऊ नका. अर्धा लिटर थंड पाणी घालून अर्धा तास भिजत ठेवा. पाणी औषधाच्या वर दोन बोटं राहायला हवं. गरम पाण्यात भिजवलं तर मुळांच्या पृष्ठभागावरचा स्टार्च शिजून चिकट थर धरतो आणि आतला अर्क आतच राहतो. तुमचा काढा ‘पाण्यासारखा’ होतो तेव्हा बहुधा भिजवणं राहिलेलं असतं किंवा घाईत उकळतं पाणी ओतलेलं असतं. मग मोठ्या आचेवर उकळी आणा, लगेच आच मंद करा, झाकण ठेवा आणि 20 ते 25 मिनिटं शिजू द्या. गरम असतानाच गाळा. साधारण 200 मिली निघेल.

चोथा टाकू नका. त्यात 300 मिली पाणी घालून पुन्हा मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं ठेवा आणि गाळा. मग फडक्यात धरून पिळा, कारण पिळल्याशिवाय बराच काढा चोथ्यातच राहतो. दोन्ही वेळचं एकत्र करून दोन भाग करा, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, कोमट. सकाळी पहिला आणि संध्याकाळी दुसरा असं घेतलं तर एक वेळ दाट आणि एक वेळ फिका जातो. तुमच्या ‘कधी असा, कधी तसा’ तक्रारीचं हेही कारण असू शकेल.

भांडं मातीचं, काचेचं, एनॅमलचं किंवा स्टीलचं चालेल. लोखंडी कढई, ॲल्युमिनियमचं पातेलं आणि तांबं नको. वनस्पतींतल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन काढा शाईसारखा काळा पडतो. करपला तर पूर्ण टाकून द्या, पाणी वाढवून सावरायला जाऊ नका. झाकण असतानाही करपत असेल तर आच मोठी आहे किंवा बूड पातळ आहे. उरलेला काढा फ्रिजमध्ये 24 तास टिकतो, त्याहून जास्त ठेवू नका.

पुढेमागे शिआओयाओ सान दिलं गेलं तर त्यातली पुदिन्याच्या जातीची पानं वेगळ्या छोट्या पुडीत मिळतील. ती आच बंद करण्याआधी पाच मिनिटं घालायची. ही पुडी सगळ्यांबरोबर उकळून टाकणं ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक.

रोज उकळणं जमत नसेल तर दाणेदार अर्क मागा. त्यातले बरेच साधारण पाच ग्रॅम वनस्पतीचा एक ग्रॅम या हिशेबानं केलेले असतात, म्हणजे वरची पुडी सहा-साडेसहा ग्रॅममध्ये बसते. पण कारखान्यागणिक हे गुणोत्तर बदलतं, डब्यावरचं वाचूनच चमचा ठरवा. सूत्र कोरडं करणारं आहे. तोंड सारखं सुकायला लागलं, आम्लपित्त उसळलं किंवा दिवस राहिले, तर पुढची पुडी उकळण्याआधी वैद्यांना सांगा.

मुलगा म्हणतो शेकडो संशोधनांनी सिद्ध झालंय. डॉक्टर म्हणतात सगळं थोतांड. कोणाचं खरं? (ठाणे)

शेकडो संशोधनं आहेत, हे खरं. पण ती कशा प्रकारची आहेत ते आधी बघू.

प्रयोगशाळेतलं बरंचसं काम उंदरांवरचं आहे. उंदराला पाण्यानं भरलेल्या काचेच्या नळकांड्यात सोडतात. सुरुवातीला तो धडपडतो, मग हातपाय गाळून नुसता तरंगतो. औषध दिलेला उंदीर जास्त वेळ धडपडला, तर निष्कर्ष येतो ‘नैराश्यरोधी परिणाम दिसला’. नवं द्रव्य चाळून बघायला ही चाचणी ठीक आहे. तीन महिने अंथरुणातून उठवत नाही अशा माणसाला काय होईल, याचं उत्तर त्यात नाही.

माणसांवरच्या चाचण्यांत पहिली अडचण चवीची. काढ्याचा कडूपणा आणि वास हुबेहूब असलेला खोटा काढा बनवणं अवघड, म्हणून अनेक चाचण्यांत कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक असतं आणि डॉक्टरलाही. नैराश्यात हे फार महागात पडतं, कारण इथे साखरेच्या गोळीवरही शंभरातल्या तीस-चाळीस जणांना लक्षणीय बरं वाटतं. दुसरं, बऱ्याच चाचण्या लहान आणि सहा-आठ आठवड्यांत आटोपणाऱ्या. नैराश्य उलटतं ते महिन्यांनी.

तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सुधारणा मोजायला हॅमिल्टन यांची 17 बाबींची मोजपट्टी वापरतात, जास्तीत जास्त 52 गुणांची. त्यातल्या तीन बाबी निव्वळ झोपेच्या: झोप लवकर न लागणं, मध्ये मोडणं, पहाटे उडणं. प्रत्येकीला दोन, असे सहा गुण. म्हणजे एखाद्या काढ्यानं फक्त झोप सुधारली तरी आकडा चार-पाचांनी खाली येऊ शकतो आणि अहवालात ते ‘नैराश्यात सुधारणा’ म्हणून छापून येतं. झोप लागणं छोटी गोष्ट नाहीच. पण कशात रस वाटू लागणं, अपराधी वाटणं कमी होणं ही वेगळी बाब आहे. मुलानं आणलेल्या संशोधनात एकूण आकड्याबरोबर बाबनिहाय आकडे दिलेत का, ते बघा.

आमचं मत असं: सौम्य नैराश्यात, डॉक्टरांना सांगून, चालू उपचारांच्या जोडीला जाणत्या वैद्याकडून शिआओयाओसारखं सूत्र घेऊन बघणं वेडेपणाचं नाही. मध्यम नैराश्यात एकट्या काढ्यावर विसंबायला पुरेसा आधार नाही. तीव्र नैराश्यात तर तो विचारही नको. थोतांड म्हणणारे डॉक्टर आणि सिद्ध झालंय म्हणणारा मुलगा, दोघंही थोडे घाईत आहेत.

भावानं शांघायहून ‘शूगान ज्येयू’ नावाच्या कॅप्सूल आणल्या. नैराश्यासाठीच आहेत म्हणे. मी एस्सिटालोप्राम 10 मिलीग्रॅम घेते. वनस्पतीजन्य असल्यानं सोबत घ्यायला हरकत नाही ना? (पुणे)

हरकत आहे आणि मोठी आहे. बाटली बंद करून ठेवा. हे उत्तर जरा लांबेल, कारण या पत्रांतल्या सर्व औषधांत पुरावा सर्वांत भक्कम याच कॅप्सूलमधल्या वनस्पतीचा आहे आणि धोकाही तिचाच.

चीनमध्ये या कॅप्सूलला सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी अधिकृत मान्यता आहे. घटक दोनच. एक सायबेरियन जिनसेंग, दुसरं ग्वानये ल्येनछ्याओ. हे दुसरं नाव चिनी असलं तरी वनस्पती म्हणजे युरोपात ‘सेंट जॉन्स वर्ट’ म्हणून ओळखलं जाणारं पिवळ्या फुलांचं झुडूप. जर्मनीत डॉक्टर ते नैराश्यासाठी लिहून देतात. 2008 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं घेतलेल्या आढाव्यात 29 चाचण्या आणि 5489 रुग्ण होते. त्यात हे झुडूप साखरेच्या गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या नैराश्यरोधक गोळ्यांच्या तोडीचं ठरलं. जर्मन भाषक देशांतले निकाल मात्र इतरांपेक्षा जास्त उजवे होते, हेही त्या आढाव्यात नोंदलं आहे.

तुमची एस्सिटालोप्राम ही नैराश्यरोधक गोळी मेंदूत सेरोटोनिन (मनःस्थितीशी संबंधित रसायन) वाढवते. हे झुडूपही तेच करतं. दोन्ही मिळून ते प्रमाणाबाहेर गेलं की हातांना कंप, दरदरून घाम, जुलाब, अस्वस्थ येरझाऱ्या, छातीत धडधड आणि ताप अशी लक्षणं येतात. सगळी एकत्र आली तर ती आणीबाणीची वेळ असते, सरळ रुग्णालय गाठायचं.

दुसरी भानगड शांतपणे चालते. हे झुडूप यकृतातली औषधं मोडणारी विकरं वाढवतं. त्यामुळे इतर गोळ्या ठरलेल्या वेळेआधीच शरीराबाहेर जातात. गर्भनिरोधक गोळी निष्प्रभ ठरते आणि नको असताना दिवस राहतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन कमी पडतं आणि रक्ताची गाठ होऊ शकते. मूत्रपिंडरोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन घसरतं आणि रोपण नाकारलं जातं. एचआयव्हीवरच्या इंडिनाविरची रक्तातली पातळी यामुळे कोसळते, म्हणून अमेरिकी नियामकांनी फेब्रुवारी 2000 मध्ये जाहीर इशारा दिला होता. कॅप्सूल बंद केल्यावरही हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात.

एक-दोन कॅप्सूल घेऊन झाल्या असतील आणि काही त्रास नसेल तर घाबरू नका, पुढच्या घेऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. एस्सिटालोप्राम मात्र आपल्या मनानं बंद करू नका. आणि ज्यांना कधी अतिउत्साहाचे झटके येऊन गेलेत, चार-चार रात्री झोप नाही तरी थकवा नाही, पैसा पाण्यासारखा उधळला, असं झालेलं आहे, त्यांनी हे झुडूप एकटंसुद्धा घेऊ नये. झटका उलटू शकतो.

वडील 68 वर्षांचे. आई गेल्यापासून सारखे रडतात. गहू, खजूर आणि ज्येष्ठमधाचा चिनी काढा वाचनात आला. हे तर घरातलंच अन्न. रक्तदाबाची आणि पाणी उतरवण्याची गोळी चालू आहे. (सोलापूर)

हा गान माय दाझाओ थांग. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चांग चोंगचिंग यांच्या ग्रंथातला. तिथलं वर्णन बाईचं आहे: सारखी उदास, रडू येतं, बाहेरची बाधा झाल्यासारखी वागते, पुन्हा पुन्हा जांभया देते. आज प्रमाण साधारण ज्येष्ठमध 9 ग्रॅम, गहू 15 ते 30 ग्रॅम आणि दाझाओ 10 असं घेतात. दाझाओ म्हणजे खजूर नव्हे, ते बोराच्या जातीचं सुकवलेलं लाल फळ. इंग्रजीत त्याला ‘लाल खजूर’ म्हणतात म्हणून हा घोळ होतो.

तीन घटकांतला गहू आणि बोर खरोखरच अन्न आहे. तिसरा तसा नाही. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. चिनी औषधकोशाप्रमाणे ज्येष्ठमधात ते किमान 2 टक्के असायला हवं. 9 ग्रॅमचे 2 टक्के म्हणजे 180 मिलीग्रॅम. युरोपीय तज्ज्ञांनी रोजची वरची मर्यादा 100 मिलीग्रॅम सुचवली आहे. काढ्यात सगळं उतरत नाही हे धरलं तरी मर्यादेला सहज जाऊन भिडतं. घसा धरला म्हणून दिवसभरात ज्येष्ठमधाची काडी चघळणं आणि रोज 9 ग्रॅमचा काढा आठवडेच्या आठवडे घेणं यात एवढा फरक आहे.

वडिलांची पाणी उतरवणारी गोळी (फ्युरोसेमाइड किंवा क्लोरथॅलिडोन जातीची असेल तर) आधीच पोटॅशियम घालवते आहे. त्यावर हा काढा म्हणजे एकच टाकी दोन तोट्यांनी रिकामी करणं. पाय जड पडणं, पोटऱ्यांत गोळे, घोट्यांवर सूज, रक्तदाबाचा आकडा विनाकारण चढणं आणि हृदयाचे ठोके चुकणं ही त्याची चिन्हं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम घसरणं जिवावर बेतू शकतं. काढा देऊ नका. दिला गेला असेल तर बंद करून रक्तातलं पोटॅशियम तपासा.

आणि रडण्याबद्दल. पत्नी गेल्यावर रडणं हा आजार नव्हे. पण वजन उतरणं, आंघोळ-दाढी सुटणं, ‘मला आता कशाला ठेवलंय’ अशी भाषा आठवड्यांमागून आठवडे चालू राहणं, हे दुःखाच्या पुढचं आहे. तसं असेल तर या महिन्यातच मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

घशात बोराएवढा गोळा अडकल्यासारखं वाटतं, दुर्बिणीत काही नाही. बानशिआ होउफू थांग यावरच आहे म्हणतात. मूळ कंद ऑनलाइन मिळतो. (कोल्हापूर)

लक्षणाची जुळणी बरोबर आहे. चिनी वैद्य याला ‘आलुबुखाराच्या बीची छी’ म्हणतात. पण कच्चा कंद मागवू नका. बानशिआ आपल्या अळू-सुरणाच्या कुळातला. अळू नीट न शिजल्यावर घसा का खाजतो ते प्रत्येक घराला ठाऊक आहे: कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. बानशिआत त्या सुया कैक पटींनी बोचतात. कच्चा पोटात गेला तर जीभ आणि घसा सुजतो, आवाज बसतो, श्वास अडू शकतो. म्हणून वैद्य तो तुरटी आणि आल्याच्या रसात बरेच दिवस मुरवून, शिजवून मगच वापरतात. आपण अळूत चिंच घालून सुटतो, तेवढ्यानं इथे भागत नाही. घशात गोळा वाटतो म्हणून मुळात कंद खायला निघालात आणि त्यानंच घसा सुजला, असं व्हायला नको.

पाकिटावर सगळं चिनी लिपीत आहे. विकणारा म्हणतो शंभर टक्के नैसर्गिक. काय बघून घ्यावं? (नागपूर)

भारतात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या पद्धतींच्या औषधांना कायद्यात जागा आहे, चिनी वनौषधींना तशी स्वतंत्र जागा नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी कायदा आहे, पण सुया टोचण्याची नोंदणी म्हणजे काढे देण्याची नोंदणी नव्हे. त्यामुळे कुरिअरनं आलेल्या पाकिटात काय आहे याची हमी देणारं इथे कोणी नसतं.

‘नैसर्गिक’ या शब्दाचं सर्वांत महाग उदाहरण बेल्जियमचं. 1990 च्या सुमारास तिथल्या एका वजन कमी करण्याच्या केंद्रात कॅप्सूलमध्ये फांगजी नावाचं मूळ घालायचं होतं. नाव जवळपास सारखं असलेली भलतीच वेल, ॲरिस्टोलोकिया, त्यात गेली. शंभरावर स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. या कुळातली ईश्वरी आपल्याकडेही उगवते आणि सर्पदंशावर म्हणून सांगितली जाते, तिच्यातही तेच ॲरिस्टोलोकिक आम्ल आहे. एका नावाखाली दोन वनस्पती ही चिनी बाजारातली जुनी डोकेदुखी. छायहूचंही तेच. मोठ्या पानाची छायहू विषारी आहे आणि औषधकोश ती वापरू नका असं स्पष्ट सांगतो, पण चिरलेल्या तुकड्यांत दोन्ही सारख्याच दिसतात.

मन शांत करणाऱ्या जुन्या गोळ्यांत आणखी एक पाहुणा असतो: जूशा, म्हणजे आपला हिंगूळ, पाऱ्याचं संयुग. गोळीवर लालसर थर असेल तर त्या वाटेला जाऊच नका. झोपेच्या मिश्रणांत हशोउवू किंवा त्याचीच वेल येजियाओथंग असते. हशोउवूनं यकृताला सूज आल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. लघवी गडद होणं, डोळे पिवळे पडणं, अन्न नकोसं वाटणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद. आणि कामीशोयोसानमधलं अनंताचं फळ पाच वर्षांहून जास्त सलग घेतलेल्यांत मोठ्या आतड्याच्या शिरा कडक झाल्याचं जपानमध्ये आढळलं आहे, म्हणून सौम्य सूत्रही वर्षानुवर्षं चालू ठेवायचं नसतं.

पाकिटावर प्रत्येक वनस्पतीचं लॅटिन नाव, वजन, उत्पादन तुकडी आणि मुदत हवी. नसेल तर परत करा. दांगग्वी किंवा दानशेन (हेही एक मूळ) असेल आणि घरात कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल, तर ते पाकीट त्या कपाटातही नको.

सहा महिने गोळी घेतेय, बरं वाटतंय. आता गोळी सोडून काढ्यावर येऊ का? (रत्नागिरी)

गोळी सोडणं आणि काढा सुरू करणं एकाच आठवड्यात कधीच करू नका. गोळी अचानक थांबवली की चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, रडू, चित्रविचित्र स्वप्नं असा त्रास काही दिवसांत सुरू होतो. त्याच वेळी काढा चालू असेल तर काढा मानवला नाही, गोळी हवीच आहे की आजार उलटला, हे कोणालाच सांगता येत नाही.

बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा नैराश्य आलं असेल तर जास्त. सहा महिने मोजायचे ते बरं वाटल्याच्या दिवसापासून, पहिल्या गोळीपासून नव्हे. मग डॉक्टर काही आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवतील. त्या काळात दर पंधरवड्याला पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची यादी भरा. एकूण 27 गुणांत 5 ते 9 सौम्य, 10 ते 14 मध्यम, त्यापुढे गंभीर. सलग दोनदा पाचांनी चढली तर उतरवणं थांबवून डॉक्टरांना भेटा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर येत असेल तर पंधरवडा थांबू नका. ‘टेली-मानस’ या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

चांगला चिनी वैद्य ओळखायचा कसा? (मेलबर्न)

तुमच्याकडे सोपं आहे. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2012 पासून चिनी वैद्यकाची राष्ट्रीय नोंदणी आहे आणि नाव संकेतस्थळावर तपासता येतं. नोंदणीत ‘ॲक्युपंक्चर’ आणि ‘चिनी वनौषधी’ हे वेगळे विभाग असतात, तुम्हाला दुसरा हवा. तयार डब्यांवर ‘ऑस्ट एल’ आणि पुढे आकडा हवा. त्याचा अर्थ घटक परवानगीच्या यादीतले आहेत, एवढाच. औषध गुणकारी ठरलंय असा नाही. पहिल्या भेटीत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न विचारता पुडी बांधायला घेणारा वैद्य असेल तर उठून या. विचारणाऱ्याकडून सूत्र घटक आणि ग्रॅमसह लिहून घ्या आणि तो कागद तुमच्या फार्मासिस्टला दाखवा.